विषय : खंड क्षमापित करणेबाबत

परभणीतल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रवेशखिडकीशी जून-जुलै महिन्यांत अर्धा तास उभे राहावे, म्हणजे ‘गॅप’ या इंग्रजी नामाला आपल्या लोकजीवनात केवढी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे, याची साक्ष पटते. खिडकीआडचा लेखनिक अर्ज हाती घेतो, बारावी उत्तीर्ण झाल्याचे साल आणि चालू साल यांची मनातल्या मनात वजाबाकी करतो, आणि मान यत्किंचितही वर न उचलता विचारतो, “गॅप आहे का?” हा प्रश्न समजण्यासाठी कोणालाही शब्दकोश उघडावा लागत नाही. उमेदवाराचे तर सोडाच, पण पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून पहाटेच्या एस.टी.ने नातवासोबत आलेली, जन्मात इंग्रजीचे अक्षर न गिरवलेली आजीसुद्धा पदर सावरून निःसंकोचपणे सांगते, “व्हय साहेब, एका सालाची गॅप हाय. पोरगं बिमार होतं.” यातला ‘बिमार’ निजामाच्या अमदानीतून आला आणि ‘गॅप’ इंग्रजांच्या, दोन्ही अमदानी केव्हाच अस्तास गेल्या, तरी आजीच्या एका वाक्यात त्यांचे दोन प्रतिनिधी कोणतीही गॅप न ठेवता शेजारी शेजारी नांदत असतात.

दातांमधली फट, कुंपणातले भगदाड, दोन बाकांमधली मोकळी जागा, अशा निरुपद्रवी वस्तूंना इंग्रजीत हे नाम लागत असेल. आमच्याकडे ते माणसाच्या चारित्र्याला लागते. एक वर्ष जो मुलगा कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हता, तो त्या वर्षी होता तरी कोठे, हा प्रश्न शिक्षणव्यवस्थेला अस्वस्थ करून सोडतो. जो लागोपाठ तीन वेळा नापास झाला त्याच्याविषयी तिला मुळीच चिंता वाटत नाही, कारण त्याच्याजवळ तीन गुणपत्रिका असतात, आणि अपयशाचा का होईना पण लेखी पुरावा असल्यामुळे त्याचे आयुष्य अखंड समजले जाते. संशय फक्त त्याच्यावर, जो शांतपणे घरी बसला.

हा संशय फेडण्याची रीत ठरलेली आहे, आणि तिचे नाव ‘गॅप सर्टिफिकेट’. नावात सर्टिफिकेट असले तरी ते कोणी देत नसते. ज्याला हवे त्यानेच ते शपथेवर लिहून द्यावयाचे असते. त्यासाठी मुद्रांकाचा कागद लागतो. तो पूर्वी शंभर रुपयांचा असे, २०२४ मध्ये शासनाने किमान मुद्रांकशुल्क पाचशेवर नेले, आणि रिकाम्या वर्षाची किंमत एका रात्रीत पाचपट झाली. कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, पत्र्याच्या टपरीत संगणक घेऊन बसलेल्या टंकलेखकाजवळ या प्रतिज्ञापत्राचा मजकूर कायमचा तयार असतो. त्यात फक्त नाव, गाव, वर्ष आणि कारण भरावयाचे. यापैकी कारणापाशी गाडी अडते. अशाच एका टपरीत मी ऐकलेला जाबजबाब असा :

“काय केलंस रे बाबा वर्षभर?”

“काही नाही, काका.”

“काही नाही असं लिहिता येत नसतं. आजारी होतास?”

“नाही.”

“घरची अडचण?”

“अडचण तर हायेच. ती काय वर्षापुरती आहे का?”

“मग झालं. घरगुती अडचणीमुळे.”

आणि कळफलकाची एकच कळ दाबताच ते दोन शब्द आपल्या राखीव जागी जाऊन बसले, इतक्या सफाईने, की परभणी जिल्ह्यातल्या समस्त तरुण पिढीची अडचण त्या संगणकात आधीच साठवून ठेवलेली असावी. पुढचा मजकूर मुलाने मोठ्याने वाचून दाखविला. सदरहू कालावधीत मी कोणत्याही शाळेत अथवा महाविद्यालयात प्रवेश घेतला नाही, कोठेही नोकरी केली नाही, आणि कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, असे त्यात होते. तो वाचत असता शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांची मुद्रा मी न्याहाळत होतो. ‘पोरगं काहीच करत नाही’ अशी जी तक्रार त्यांनी वर्षभर घरी, शेतात आणि पाहुण्यांसमोर केली असणार, तीच आता शपथेवर, मुद्रांकावर आणि लवकरच दंडाधिकाऱ्यांच्या गोल शिक्क्यानिशी सिद्ध होत होती. आणि वर त्या सिद्धतेचे पैसेही त्यांनाच मोजावे लागत होते.

या सर्व व्यवहारात मला नवल वाटते ते असे, की अखंडत्वाचा एवढा आग्रह ज्या भूमीत धरला जातो तिला स्वतःला अखंडत्व कधी लाभलेलेच नाही. उद्या परभणी जिल्ह्यानेच कोठे प्रवेश घ्यावयाचा ठरविला आणि त्या लेखनिकाने त्याचे कागद तपासले, तर पहिल्याच पानावर त्याची लेखणी थबकेल. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. परभणी, उर्वरित मराठवाड्यासह, १७ सप्टेंबर १९४८ रोजी. मधल्या तेरा महिन्यांत येथल्या लोकांनी जे सोसले तो विनोदाचा विषय नव्हे. पण त्या तेरा महिन्यांचा खुलासा मागणाऱ्या कारकुनाला ‘घरगुती अडचणीमुळे’ हे उत्तर दिले तर ते शब्दशः खरे ठरेल, हेही तितकेच निश्चित. पुढे आठ वर्षे हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई, १ मे १९६० पासून महाराष्ट्र : एकाच वाड्यात, एकाच ओसरीवर, एकाच तक्क्याला टेकून बसलेल्या गृहस्थाची इतकी राज्यांतरे झाली, आणि त्यांपैकी एकाचाही स्थलांतराचा दाखला त्याच्या ट्रंकेत सापडावयाचा नाही.

त्या ट्रंकेत सापडतो तो आजोबांचा फोकानिया मदरशाचा दाखला. तो उर्दूत असतो, आणि त्यावरचे साल फसली असते. फसल म्हणजे पीक. निजामाचे महसुली साल पिकाच्या हिशेबाने चाले, आणि त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन हाती लागे. आता आजोबांचे जन्मसाल १३३५ असे लिहिलेले एखाद्या नव्या, संगणकात निष्णात, पण फसलीच्या बाबतीत निष्पाप अशा कर्मचाऱ्याच्या दृष्टीस पडले, आणि त्याने आपली सवयीची वजाबाकी आरंभिली, तर मधली सहा शतके आजोबांनी कोणत्याही गैरकृत्यात सहभागी न होता घालविली, असे प्रतिज्ञापत्र करण्यास किती मुद्रांक लागतील, याचा अंदाज मी बांधू इच्छीत नाही.

कागदांचे असे, तर वाटेचे आणखी निराळे. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरीच्या खोऱ्याने मनमाडपर्यंत आगगाडी आली, आणि परभणी जगाशी जोडली गेली, असे इतिहासकार लिहितात. जोडली गेली हे खरे, पण मनमाडपर्यंतच. कारण इकडचे रूळ एक मीटर रुंद, आणि मुंबईच्या वाटेवरचे साडेपाच फूट. दोहोंच्या मध्ये जे काही होते त्यालाच खऱ्या अर्थाने गॅप म्हणता येईल, आणि ती भरून काढण्याचे काम रेल्वे नव्हे तर हमाल करीत. परभणीहून निघालेला मनुष्य, मग तो अजंता एक्स्प्रेसने का निघालेला असेना, मनमाडला उतरे. होल्डाल, ट्रंक, पितळी डबा, लोणच्याची बरणी आणि निजलेली मुले यांची मोजदाद करी. पूल चढे, पूल उतरे, आणि मोठ्या गाडीची वाट पाहत बसे. कापसाच्या गाठी, तुरीची पोती, जनावरांची ढेप, सारे काही एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढे. या उलाढालीत काय हरवे, काय भिजे आणि काय नुसतेच हलके होई, याची नोंद कोणी ठेवली नाही. १९९० नंतरच्या दशकात मार्गाचे रुंदीकरण झाले आणि मनमाडची ती रात्र संपली. मात्र रेल्वेने खंडाची आवड सर्वस्वी सोडली असे समजण्याचे कारण नाही. परभणीपुढे मानवत रोड नावाचे स्थानक अद्यापि उभे आहे, आणि ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागते तेथे उतरल्यावर गाव सोडून बाकी सर्व काही दिसते, हे प्रवाशाने अनुभवानेच शिकावयाचे असते.

निजामाच्या अंमलातला एक बोल परभणीकर अजून स्वतःच सांगतात : “बनी तो बनी, नहीं तो परभणी.” म्हणजे जमले तर उत्तम, नाहीतर आहेच आपली परभणी. तेच परभणीकर दुसऱ्या श्वासाला “जगात जर्मनी, भारतात परभणी” असेही तितक्याच गंभीरपणे सांगतात. या दोन श्वासांमध्ये जे अंतर आहे, ते कोणत्याही प्रतिज्ञापत्राने भरून निघण्यासारखे नाही, आणि ते भरून निघावे अशी कोणाची इच्छाही दिसत नाही.

आणि १ मे १९९९ रोजी तर कमाल झाली. त्या दिवशी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. औंढ्याचे नागनाथाचे ज्योतिर्लिंग तिकडे गेले, कळमनुरी, वसमत आणि सेनगाव गेले, आणि संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसीही गेले. संत जनाबाईंचे गंगाखेड मात्र इकडेच राहिले. जिने नामदेवांच्या घरी सारे आयुष्य वेचले, जी स्वतःला त्यांची दासी म्हणविण्यात धन्यता मानीत आली, आणि जिच्या दळणाकांडणाला साक्षात पांडुरंग हातभार लावीत असे अशी श्रद्धा आहे, तिला आणि तिच्या नामदेवांना साडेसहा शतकांच्या सहवासानंतर महसूल खात्याने निरनिराळ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत टाकले. विठ्ठल सोलापूर जिल्ह्यात असल्यामुळे त्याला याबाबत काही करता आले नाही.

पण ‘गॅप’ हे नाम शेवटी शहराचे. नऊ तालुक्यांच्या शिवारात त्या जागी ‘खंड’ राज्य करतो, आणि तो शिक्षणात नव्हे तर पावसात पडतो. मृगाचे चार थेंब झाले, पेरणी आटोपली, सोयाबीनने दोन पाने वर काढली, आणि पाऊस गेला. आरंभीच्या चार दिवसांत याला कोणी खंड म्हणत नाही. त्याला उघडीप म्हणतात, आणि ती हवीच असते, कारण वाफसा आल्याखेरीज कोळपे चालत नाही. आठवडा झाला की पावसाने ‘ओढ दिली’ असे होते. दहा दिवसांनी त्याने ‘दडी मारली’ असे म्हणतात, जणू तो बाकीदार कूळ असून वसुलीच्या धास्तीने कोठे तरी लपला आहे. आणि पंधरवडा उलटल्यावरच खंड हे गंभीर नाम उच्चारले जाते, ते प्रथम पारावर, मग वर्तमानपत्रात आणि सर्वांत शेवटी सरकारी अहवालात.

या खंडाचा अभ्यास करण्यास परभणीहून अधिक सोयीची जागा मिळणे कठीण, आणि म्हणूनच की काय येथे कृषी विद्यापीठ आहे. ते १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. ही वार्ता बहुधा वरपर्यंत पोहोचली असावी, कारण त्याच वर्षी पावसाने महाराष्ट्रात असा खंड पाडला की ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा पुढल्या पिढ्यांना वये मोजण्याचा एक टप्पाच होऊन बसला. ज्या विद्यापीठाच्या पाटीवरची शाई वाळण्यापूर्वीच त्याची इतकी कठीण तोंडी परीक्षा घेण्यात आली, त्याने पुढे डगमगून न जाता ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी आणि ‘परभणी मोती’ नावाची ज्वारी काढली, ही गोष्ट आम्हा परभणीकरांच्या अभिमानाची आहे. पावसाने ताण दिला की सोयाबीनवर एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी करावी, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम. सल्ला रास्त आहे. शेतकरी एवढेच विचारतो, की ते दहा लिटर पाणी कोठून आणावे.

शिवारातली गॅप भरून काढण्याची रीत मात्र कोणत्याही विद्यापीठाहून जुनी आहे. कापसाच्या ओळीत जेथे बी उगवले नाही त्या मोकळ्या जागेला नांगी म्हणतात, आणि उगवणीनंतर आठदहा दिवसांच्या आत तेथे पुन्हा बी टोकणे किंवा पिशवीत तयार ठेवलेले रोप लावणे याला नांग्या भरणे. हे काम बायकांचे. एका हातात खुरपे, ओटीत सरकी. बाई ओळीने चालते, नजर जमिनीवर, गप्पा चालू. मध्येच थांबते, वाकते, खुरप्याच्या टोकाने माती उकरते, दोन बिया टाकते, पायाच्या अंगठ्याने माती लोटते आणि अर्धवट राहिलेले वाक्य जेथे सोडले होते तेथून उचलते. गप्पांतही खंड नाही आणि ओळीतही नाही. असे मागाहून लावलेले झाड जरा खुजे राहते हे खरे, त्याची बोंडे उशिरा फुटतात हेही खरे; पण कापूस मानवतच्या बाजारात गाडीभर ओतला गेल्यावर त्यातला कोणता वेळेवर उगवलेल्या झाडाचा आणि कोणता नांगीतला, असे कोणताही व्यापारी विचारीत नाही. तो ओलावा पाहतो, धागा ओढून पाहतो, आणि भाव पाडतो. भाव पाडण्याच्या बाबतीत दोन्ही कापसांना समान न्याय मिळतो.

पावसाच्या खंडाला मोल आले ते विम्यामुळे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ मध्ये आली; २०२३ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हप्ता अवघ्या एका रुपयावर आणला; आणि त्या योजनेत असे एक कलम होते की पावसात सलग २१ दिवसांचा खंड पडला आणि अपेक्षित उत्पन्न निम्म्याखाली घसरण्याची चिन्हे दिसली, तर भरपाईतला २५ टक्के भाग आगाऊ मिळावा. योगायोग असा की त्याच २०२३ सालचा ऑगस्ट हा, १९०१ पासून ज्या नोंदी आहेत त्यांतला, देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट निघाला. त्या महिन्यात मराठवाड्यातल्या खेड्यांत जी अंकगणिताची गोडी उत्पन्न झाली तशी ती जिल्हा परिषदेच्या शाळांनाही कधी उत्पन्न करता आली नसेल. जो तो बोटांवर दिवस मोजू लागला. आज चौदावा. आज सतरावा. पाऊस यावा म्हणून आदल्या आठवड्यात ज्याने मारुतीला नारळ बोलला होता तोच मनुष्य एकोणिसाव्या दिवशी आभाळाकडे संशयाने पाहू लागला, कारण आता पाऊस आला तर पीक वाचावयाचे नाही, ते गेलेलेच होते, आणि आगाऊ रक्कम मात्र वाचावयाची : विमा कंपनीची.

यात आणखी एक सूक्ष्म भानगड आहे. खंड पडला की नाही हे शेतकऱ्याच्या वावरातून ठरत नाही. ते ठरते महसूल मंडळाच्या गावी बसविलेल्या पर्जन्यमापकातून. हवामानशास्त्राच्या परिभाषेत दिवसाला अडीच मिलिमीटर पाऊस पडला तरच तो पावसाचा दिवस. आता मंडळाच्या गावावर विसाव्या दिवशी एखादा वाट चुकलेला ढग येतो, नेमका त्या यंत्राच्या डोक्यावर थांबतो, तीन मिलिमीटर टाकतो आणि निघून जातो. तीन कोसांवरच्या वावरात थेंब नाही. तेथे एकविसावा दिवस उजाडतो, बाविसावा उजाडतो, सोयाबीन करपते. पण दफ्तरी नोंद स्वच्छ असते : खंडात खंड पडला. सबब मोजणी पुनश्च एकपासून. आमच्या शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने यावर काढलेले उद्गार छापण्याजोगे नाहीत, परंतु ते पावसाला उद्देशून नव्हते एवढे सांगण्यास हरकत नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्याने हे कलमच योजनेतून वगळले, आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगांवर ठरू लागली. त्यामुळे पाऊस आता कोणत्याही कायदेशीर परिणामाची क्षिती न बाळगता वाटेल तेवढा खंड पाडण्यास मोकळा झाला आहे.

दुसरा खंड पडतो तो नोकरीत, आणि येथे मराठी राज्यकारभाराने एक असा शब्दप्रयोग घडविला आहे की त्यापुढे हात जोडावेत. सरकारी नोकराच्या सेवेत खंड पडला तर तत्पूर्वीची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून बाद होऊ शकते. यास्तव महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अन्वये तो खंड ‘क्षमापित’ करून घ्यावा लागतो. खंड दुरुस्त होत नाही, भरून निघत नाही. त्याला क्षमा होते. काशीस जाऊन जे पाप धुतले जाते त्याला निदान जाण्यायेण्याचाच खर्च. हे पाप धुण्यास प्रस्ताव, सहपत्रे, टिपणी आणि शिफारस इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात. याहून विशेष असे, की पुष्कळदा हा खंड नोकराने पाडलेलाच नसतो. हंगामी माणसाला सलग सेवेचा हक्क सांगता येऊ नये म्हणून मुदत संपताच त्याला एक दिवस घरी बसवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने नेमावयाचे, ही चाल खासगी आणि सरकारी दोन्ही दरबारांत सारखीच लोकप्रिय आहे. तिला ‘तांत्रिक ब्रेक’ म्हणतात. त्या एका दिवशी तो मनुष्य बहुधा कार्यालयातच येऊन बसतो, कारण कपाटाची किल्ली त्याच्याचजवळ असते. खंड पाडणारा सरकारी दरबार, तो अपराध ठरविणारा तोच, आणि उदार अंतःकरणाने क्षमा करणाराही तोच, अशी त्रिमूर्ती पुराणांतही दुर्मीळ आहे.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची गोष्ट याहून मोठी आहे. तो जूनपासून मार्चअखेरपर्यंत प्राध्यापक असतो, आणि उन्हाळ्यात नुसता विद्वान. कंत्राटी नोकराचा करार अकरा महिन्यांचा, घरमालकाचा भाडेकरार अकरा महिन्यांचा; हे सर्व दस्तऐवज एकत्र ठेवून पाहिले तर महाराष्ट्रात वर्षाचा बारावा महिना कोणाच्याच मालकीचा नाही असे दिसून येते, आणि त्या महिन्यात लोक कशावर जेवतात आणि कोठे निजतात, हे एक गूढच आहे.

विजेच्या खंडाविषयी लिहिणार होतो. परंतु भारनियमन या विषयावर परभणीत कोणाला काही नवे सांगता येईल असे वाटत नाही. दोन मुलांमध्ये तीन वर्षांची गॅप ठेवा, हे सांगणाऱ्या आरोग्यसेविकेपासून ते मुलीच्या आणि मुलाच्या वयांत सहाची गॅप आहे म्हणून पत्रिका परत करणाऱ्या वधुपित्यापर्यंत हे नाम आता सर्वसंचारी झाले आहे, आणि त्याचे लिंगही अद्याप निश्चित झालेले नाही. शिक्षणात ‘ती’ पडते, आणि राजकारणात ‘तो’ होतो. राजकारणातला जो होतो त्याचे पूर्ण नाव ‘कम्युनिकेशन गॅप’. जत्रेच्या, भूमिपूजनाच्या किंवा लग्नाच्या पत्रिकेत ज्याचे नाव जाणूनबुजून गाळले आहे त्या ज्येष्ठ गृहस्थाच्या घरी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन जावे, पाया पडावे आणि म्हणावे, “भाऊ, जरा कम्युनिकेशन गॅप झाला.” भाऊंना सत्य ठाऊक असते, पेढेवाल्याला ते ठाऊक असल्याचेही ठाऊक असते; तथापि पेढा खाल्ला जातो. पूर्वी अशा प्रसंगी भाऊबंदकी तीन पिढ्या चाले. इंग्रजी भाषेचे आपल्यावर उपकार नाहीत असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

माझ्या परिचयातले एक निवृत्त लिपिक आहेत. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा ते हिंगोलीत एका खात्यात होते, आणि त्यांनी परभणीचा विकल्प दिला. ३० एप्रिल १९९९ रोजी, शुक्रवारी, दिवस मावळता त्यांना तेथून कार्यमुक्त करण्यात आले. ३ मे रोजी, सोमवारी, कचेरी उघडताच ते परभणीत रुजू झाले. मधला शनिवार म्हणजे महाराष्ट्र दिन, आणि त्यापुढचा रविवार. बावीस-तेवीस वर्षे या दोन दिवसांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक तपासणाऱ्या एका अत्यंत चिकित्सक तपासनिसाने मात्र त्यांवर तांबड्या शाईने वर्तुळ केले आणि विचारले, की १ मे रोजी आपण कोठे होता?

“झेंडावंदनाला,” लिपिक म्हणाले.

“कोणत्या जिल्ह्याच्या?”

“हिंगोलीच्या. नवा जिल्हा झाला होता ना साहेब, मोठा कार्यक्रम होता.”

“पण तिथून तर तुम्ही आदल्या दिवशी कार्यमुक्त झालात.”

“मग परभणीच्या समजा.”

“परभणीत तुम्ही तीन तारखेला रुजू झालात. म्हणजे झेंडावंदनाला तुम्ही खासगी माणूस म्हणून उभे होता.”

ज्या दोन दिवशी अवघ्या महाराष्ट्रात एकही लिपिक काम करीत नव्हता, त्या दोन दिवशी आपण काम करीत नसतानाही नोकरीत होतो, हे सिद्ध करण्याचा पत्रव्यवहार त्यानंतर सुरू झाला. इथल्या कार्यालयाने लिहिले की त्या तारखेचे दफ्तर विभाजनात तिकडे गेले. तिकडच्या कार्यालयाने लिहिले की सदर दफ्तर अद्याप प्राप्त झालेले नाही. स्मरणपत्रे गेली, सहपत्रे गेली, लिपिकांनी स्वतःच्या हाताने सुबक अक्षरात मसुदे करून दिले, कारण तसे मसुदे त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणाला करता येत नव्हते. अखेर गेल्या पावसाळ्यात आदेश आला. लिपिकांच्या घरी सत्यनारायण झाला, आम्हा सर्वांना प्रसादास बोलावणे होते, आणि आदेशाची प्रत चौरंगाजवळ ठेवलेली होती. मी चष्मा लावून ती वाचली. तीत दिनांक १ मे १९९९ रोजीचा सेवाखंड विशेष बाब म्हणून क्षमापित करण्यात आला होता. २ मे हा रविवार असल्याने, त्याबाबत स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा, असे खाली लिहिले होते.

तो रविवारचा प्रस्ताव सध्या हिंगोलीस गेलेला आहे.